पत्त्यांची अदलाबदल आणि थोरांचे कर्तव्य

काही खेळ डाव संपल्यावरही चालूच राहतात. चित्रपत्त्यांचा खेळ त्यांपैकीच एक. करडीसारख्या गावातील मुलांनाही कुस्तीगिरांचे आणि क्रिकेटपटूंचे पत्ते परके नाहीत. पत्त्यावरील उंची, वजन किंवा क्रमांक पुकारायचा. ज्याचा आकडा सरस, त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. डाव मोडला की अदलाबदल सुरू होते. निवासी शाळेत पाचवीचा आणि दहावीचा विद्यार्थी एकाच छपराखाली राहत असल्याने ही अदलाबदल विचार करण्याजोगी ठरते.

जगातही हा प्रश्न नवा नाही. 1993 साली अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ आला. त्याच्या आरंभीच्या नियमांत प्रत्येक खेळाडूने एक पत्ता पणाला लावायचा व जिंकणाऱ्याने तो ठेवून घ्यायचा, अशी तरतूद होती. पुढे ती मागे पडली. 1996 साली जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते निघाले. त्यांच्या अधिकृत स्पर्धांत खेळाडूंचे वयानुसार तीन गट केलेले असतात.

डावासाठी असे गट पाडता येतात. अदलाबदलीला मात्र गट नसतात. पोकेमॉनच्या पत्त्याच्या तळाशी एक बारीक खूण असते. मूळ पद्धतीप्रमाणे वर्तुळ म्हणजे सामान्य, चौकट म्हणजे कमी आढळणारा आणि चांदणी म्हणजे दुर्मीळ पत्ता. लहान मूल चित्र पाहते; मोठा खेळाडू चांदणी पाहतो. दोन ठसठशीत चित्रांच्या बदल्यात चांदणीचा पत्ता हातचा जातो आणि मोठा म्हणतो, “त्याने तर राजीखुशीने दिला!”

ही राजीखुशी खरी आहे काय? कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीस ‘अज्ञान’ म्हणतात. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 11 नुसार अशी व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. 1903 साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरविला. दहावीचा विद्यार्थीही कायद्याने अज्ञानच. परंतु पत्त्यांच्या बाबतीत तो पाचवीच्या मुलापुढे सज्ञान असतो. म्हणून जबाबदारीही त्याचीच.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. धान विकावयास नेणाऱ्या शेतकऱ्यास भाव ठाऊक नसेल, तर त्याच्या संमतीला किती अर्थ उरतो, हे आपल्या घरांतून वेगळे सांगावे लागत नाही. ज्या व्यवहाराने आपल्या वडिलांचे मन दुखावते, तोच व्यवहार आपण धाकट्या सोबत्याशी करावा काय?

आपल्याकडे लहानांसाठी ‘कच्च्या लिंबा’ची सुंदर रीत आहे. धाकटा खेळात असतो, पण तो बाद होत नाही. पत्त्यांच्या खेळात मात्र एवढी सवलत पुरेशी नाही. त्याला मुद्दाम जिंकू दिले, तर त्याला खेळ येत नाही. आणि ते त्याच्या ध्यानात आले, तर त्याचा अपमान होतो. त्याच्याशी खरेच खेळावे आणि डावानंतर कोठे चुकले ते दाखवावे. सवलत द्यायची ती सौद्यात. त्याचे नियम सोपे आहेत :

1. अदलाबदलीपूर्वी दोन्ही पत्त्यांची खरी किंमत त्याला सांगावी.
2. त्याला एक रात्र विचार करू द्यावा.
3. दुसऱ्या दिवशी त्याला पश्चात्ताप झाला, तर हसतमुखाने पत्ता परत करावा.

एवढे करूनही त्याला ते चित्रच हवे असेल, तर ते त्याने आनंदाने घ्यावे. कारण आता निवड त्याची आहे.

डावात हरलेले मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावयास येते. फसविले गेलेले मूल येत नाही. आले तरी ते आपल्याहून लहान मुलाला शोधत येते. वसतिगृहातील आजचा पाचवीचा विद्यार्थी उद्या दहावीत जाईल. तेव्हा त्याने धाकट्यांशी कसे वागावे, हे आज त्याच्याशी खेळणारा थोरला विद्यार्थीच ठरवीत असतो.