आवाज वेगळा, वादन वेगळं

रामनगर, ता. जोयडा

चि. निखिल,

नवे हेडफोन आल्यापासून तू प्रत्येक सिंफनीला ‘भारी’ किंवा ‘बकवास’ ठरवून मोकळा होतोस. निकाल जरूर दे, पण दोन दे. ध्वनिमुद्रण कसं झालंय हा एक, आणि वाजवलंय कसं हा दुसरा. वृंदसंचालक फुर्टवेंग्लरची १९५१ची बायरॉइटमधली बेथोवनची नववी सिंफनी मोनो आहे, आवाज खरबरीत. तरी जाणकार ती आजही डोक्यावर घेतात. उलट कित्येकदा आवाज लखलखीत असतो आणि वादनात राम नसतो.

आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिककडून १९६८ साली डेका कंपनीसाठी वाजवून घेतलेलं रिशार्ड श्ट्राउसचं ‘झाराथुस्ट्रा’ घेऊन बस. आरंभीचा सलग खर्ज ३३ हर्ट्झच्या आसपासचा. फोनच्या स्पीकरवर तो जवळपास गायबच होतो. इथे पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असल्या की चांगल्या हेडफोनातही बुडतो, म्हणून मी पाऊस ओसरल्यावरच ऐकतो. त्या खर्जाला पोत आहे की नुसता धबधबा, ते पाहा. मग ट्रम्पेट, मग टिंपनी; त्या गदारोळात तंतुवाद्यं शाबूत ऐकू येतात का? प्रत्येक वाद्य आपापल्या जागी आहे, की एखादा ओबो मांडीवर येऊन बसलाय? तसं झालं तर तो माइकचा खेळ समज.

प्रस्तावनेच्या शेवटी वृंद थांबतो आणि ऑर्गन क्षणभर मागे उरतो. ऑर्गनचा स्वर वाजवताना हलवता येत नाही. जुळवून घ्यायचं ते वृंदाने. तिथे तसूभर फरक असला तरी उघडा पडतो. तंबोऱ्यावर तयार झालेल्या तुझ्या कानाला तो सांगावा लागणार नाही.

दोन मुद्रणं ताडून पाहताना आवाजाची पातळी आधी सारखी कर. जे जरा मोठ्याने वाजतं तेच उजवं वाटतं, आणि भलेभले इथे फसतात.

आणि एकदा मुंबईला एनसीपीएत जा. तिथला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६पासून वाजवतोय. माइकविना साठ-सत्तर वादक कसे वाजतात हे ऐकल्याशिवाय मुद्रणाला मापायची पट्टी तुझ्या हाती येणार नाही.

पुढच्या पत्रात ‘भारी’ चालणार नाही. कितव्या मिनिटाला काय ऐकलंस, ते लिही.

तुझा,
काका