कळफलकाखालची बॅटरी

भिलाई हे उष्णतेच्या बळावर उभे राहिलेले नगर होय. तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. भट्टीला उष्णता हवी. लॅपटॉपच्या बॅटरीला मात्र ती मुळीच मानवत नाही. मे महिन्यात तर भिलाईचा पारा ४० अंश सेल्सिअसच्याही वर चढतो.

ही बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. असे घट १९९१ साली प्रथम बाजारात आले. घटाचे एक अग्र ग्रॅफाइटचे व दुसरे लिथियमयुक्त ऑक्साइडचे असते. मधल्या सेंद्रिय द्रावणातून लिथियमचे आयन ये-जा करतात. उष्णतेमुळे, तसेच घट सदैव पूर्ण भारित ठेवल्यामुळे, ह्या द्रावणाचे हळूहळू विघटन होऊन वायू निर्माण होतो. त्याला बाहेर पडावयास वाट नसल्याने घटाची पातळ पिशवी उशीसारखी फुगते.

बॅटरीच्या वरच कळफलक असतो. तो मध्यभागी उचलला जातो, कळा अडखळतात, झाकण नीट मिटत नाही. पाहणाऱ्यास वाटते, कळफलकच बिघडला. तेवढाच बदलला, तर काही दिवसांनी नवा कळफलकही वाकतो. कारण दोषाचे मूळ खालीच राहिलेले असते. शिवाय पुष्कळ यंत्रांत कळफलक वरच्या आवरणास रिवेटांनी जखडलेला असतो, तर काहींत बॅटरीही त्याच आवरणास चिकटविलेली असते. म्हणून दोन्ही भाग एकदमच बदलणे श्रेयस्कर ठरते.

कामाचा क्रम असा : यंत्र बंद करून चार्जर काढावा. तळाचे स्क्रू लहानमोठे असतात. ते ज्या जागेचे त्या जागेच्या क्रमाने मांडून ठेवावेत. प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी, मग खटका उचलून कळफलकाची चपटी पट्टी सुटी करावी. नवे भाग बसविताना बॅटरी सर्वांत शेवटी जोडावी.

फुगलेली बॅटरी पुन्हा भारित करू नये, दाबू नये, टोकदार हत्याराने उचकटू नये. पिशवी फाटल्यास आतील दोन अग्रे एकमेकांस भिडून आग लागू शकते. असे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये; २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेऊन तिच्या पुनर्वापराची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे.

सारांश, कळ अडखळू लागली की तिच्या खाली काय आहे, हे आधी पाहावे.