रेडिएटरमधील पाणी जाते कोठे?

"गाडीला पाणी लागते," असे चालक सहज सांगतो आणि ऐकणाराही ते सहज मान्य करतो. वस्तुतः सुस्थितीतील मोटारीला रोज पाणी लागत नाही. तिची शीतनव्यवस्था बंदिस्त असते. तीत एकदा भरलेला शीतक द्रव, म्हणजे कूलंट, महिनोन्महिने जवळजवळ तेवढाच राहावयास हवा. पातळी वारंवार खाली जात असेल, तर तो द्रव कोठेतरी जात आहे, हे निश्चित समजावे. त्याचा माग न काढता रोज तांब्याभर पाणी ओतत राहणे म्हणजे आजार झाकून ठेवणे होय. कार्यालयाची जीप असो, शाळेची बस असो की आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो, या दुर्लक्षाची किंमत बहुधा निकडीच्या वेळीच द्यावी लागते.

झाकणाचे कार्य

सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरणारा द्रव इंजिनाची उष्णता रेडिएटरकडे वाहून नेतो व तेथे वाऱ्याने निवतो. रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नव्हे, ती दाबाची झडप आहे. समुद्रसपाटीस पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. परंतु झाकणाने सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवल्यास तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. बेळगावसारख्या सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील गावी तर उघडे पाणी १०० च्या दोन-अडीच अंश आधीच उकळते. म्हणून झाकणाचे रबर कडक झालेली किंवा स्प्रिंग सैल पडलेली गाडी चोर्ला घाट चढू लागली, की पाणी वाफ होऊन निघून जाते आणि गाडीखाली एक थेंबही दिसत नाही.

मोजमाप व नोंद

इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागी, साठवण टाकीवरील दोन खुणांच्या आधारे पातळी पाहावी. तारीख, किलोमीटर व किती द्रव घातला, हे लॉगबुकात लिहावे. नव्याने द्रव भरल्यावर आत अडकलेली हवा निघून पातळी एक-दोनदा उतरते. तसेच वरच्या खुणेपेक्षा अधिक भरल्यास जादा द्रव तापून बाहेर सांडतो. हे दोष नव्हेत. पुढील नोंदी मात्र बोलक्या असतात. उभ्या गाडीतील पातळी रात्रीत उतरली, तर गळती बाहेर आहे. केवळ चढणीवर उतरली, तर आधी झाकण, पंखा व चोंदलेला रेडिएटर तपासावा. कोठेही ओल नसताना सतत उतरत राहिली, तर दोष इंजिनाच्या आत असण्याचा संभव मोठा.

बाहेरील तपासणी

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा व सकाळी डाग कोठे पडला ते पाहावे. रबरी नळ्यांची टोके, क्लिपा व रेडिएटरचे सांधे यांवर वाळलेल्या कूलंटचे पांढरट किंवा रंगीत पापुद्रे आढळतात. पाण्याच्या पंपाला खालच्या बाजूस मुद्दाम एक छिद्र ठेवलेले असते. त्यातून द्रव ठिबकू लागला, म्हणजे आतील सील झिजले. चालकाजवळील सतरंजी ओली होणे, काचेवर चिकट धुके धरणे व गोडसर वास येणे ही हीटरच्या गळतीची चिन्हे होत. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी स्वच्छ व निर्गंध असते. त्यावरून घोटाळा होऊ देऊ नये.

यानेही उलगडा न झाल्यास कार्यशाळेत दाबचाचणी करून घ्यावी. थंड इंजिनाला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब देतात. तो काही मिनिटांत उतरला व बाहेर ओल दिसली नाही, तर गळती आत आहे.

आतील गळती

सिलिंडरचे डोके व ठोकळा यांमधील हेड गॅस्केट फुटल्यास द्रव ज्वलनकक्षात जाऊन जळतो किंवा ऑइलात मिसळतो. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, सुरू केल्यावर थोड्याच वेळात रबरी नळी दगडासारखी ताठ होणे, टाकीत सतत बुडबुडे येणे, ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसणे, ही त्याची लक्षणे होत. ऑइल दुधाळ झाल्यास गाडी मुळीच चालवू नये. बेअरिंगे निकामी होतात. कूलंटमध्ये जळालेला वायू शिरतो की नाही, हे रंग बदलणाऱ्या रासायनिक द्रावणानेही पाहता येते. नव्या डिझेल गाड्यांत धुराचा काही भाग थंड करून इंजिनात परत सोडणारा कूलर असतो. तो फुटल्यासही अशीच पांढऱ्या धुराची लक्षणे दिसतात. म्हणून डोके उतरविण्यापूर्वी तो तपासावा.

उपाय व दक्षता

स्वस्त व सोप्या भागापासून आरंभ करावा : झाकण, क्लिपा, नळ्या, मग पंप व रेडिएटर. गॅस्केट बदलताना डोके वाकले आहे काय, हे सरळ पट्टीने पाहून घ्यावे. अन्यथा नवे गॅस्केटही टिकत नाही. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा रस्त्यावरचा उपाय फार तर गाव गाठण्यापुरता. पुढे तीच बारीक नळ्या चोंदविते. भरताना उत्पादकाने सांगितलेला कूलंट व ऊर्ध्वपातित पाणी सांगितलेल्या प्रमाणात घ्यावे व आतील हवा काढावी. विहिरीच्या जड पाण्याने क्षार साचतात.

तापलेल्या इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने चेहरा व हात भाजतात. तापल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी असून मुले, गुरे व कुत्री ते पिण्याचा धोका असतो. सांडलेला द्रव तत्काळ पुसून घ्यावा, काढलेला द्रव गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

पाणी ओतण्यास दोन मिनिटे पुरतात व नोंद करण्यास आणखी एक. त्या एका मिनिटाची नोंद ज्या लॉगबुकात नियमाने होते, त्या गाडीचा दोष झाकणाच्या किमतीत निस्तरण्याची शक्यता असते. जेथे होत नाही, तेथे तो संपूर्ण इंजिनाच्या किमतीला पडू शकतो.