किल्ली देण्याआधी

कोथरूडचा फ्लॅट सोडताना मी किल्ली घरमालक काकांच्या हातात ठेवली आणि मग डिपॉझिटचं विचारलं. "अहो, नवा भाडेकरू आला की लगेच ट्रान्सफर करतो," ते म्हणाले. तीन वर्षांचा घरोबा, त्यामुळे भिडेखातर गप्प बसले. तिथेच चुकलं. दीड महिना फोन उचलला गेला नाही, आणि मग हिशोब आला: ५०,००० मधून रंगकामाचे १८,०००, बेडरूमच्या ओलीचे ७,००० वजा.

ओल वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची होती. कपाट सरकवलं की मागे पोपडे सुटलेली, हाताला गार लागणारी भिंत. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिचा फोटो काकांना पाठवला होता आणि त्यांचं उत्तर होतं, "पावसाळा संपला की बघू." जुने मेसेज चाळताना ते सापडलं तेव्हा जीव भांड्यात पडला. त्याचा स्क्रीनशॉट आणि कराराची प्रत जोडून वकिलाची नोटीस पाठवली. पंधरा दिवसांत ४२,००० जमा झाले. उरलेले ८,००० मी सोडले. हॉलच्या भिंतीवर माझ्या लेकीने खडूने चित्रं काढली होती, ते खरंच होतं.

माझा करार नोंदणीकृत होता म्हणून निभावलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. "थोडी रक्कम रोख द्या, करारात नको" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. डिपॉझिट बँकेतूनच द्या, पूर्ण आकडा करारात येऊ द्या. ताबा देताना ते त्याच दिवशी परत मिळेल आणि रंगाचा खर्च कुणाचा, हेही लिहून घ्या. वापराने रंग फिका पडणं म्हणजे नुकसान नव्हे, हे आधीच बोलून ठेवा.

सामान लावण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: नळ, ओटा, कपाटामागची भिंतसुद्धा. तो घरमालकांना त्याच दिवशी पाठवा. सोडताना महिनाभर आधी लेखी कळवा, वीजबिल भरून पावती ठेवा, दोघांनी मिळून घर पाहा. आणि बँकेचा मेसेज आला की मगच किल्ली द्या.