गड, घळ आणि सुळका : रायगड जिल्ह्यातील डोंगराची साहित्यरूपे

१ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड असे करण्यात आले. कुलाबा हा अलिबागच्या किनाऱ्यालगतचा, भरतीच्या वेळी पाण्याने वेढला जाणारा किल्ला. रायगड हा महाडच्या बाजूस, सह्याद्रीच्या कुशीत उभा असलेला डोंगरी किल्ला. उरणपासून हरिहरेश्वरापर्यंत किनारा लाभलेल्या जिल्ह्याने समुद्राशी जोडलेले नाव सोडून डोंगराचे नाव स्वीकारले. निर्णय प्रशासकीय होता आणि त्यामागची भावना उघड होती. मराठी वाङ्मयात मात्र असे नामांतर त्याच्या कितीतरी आधीच घडून गेले होते. येथील डोंगराला साहित्यात अर्थ आला तो प्रामुख्याने 'गड' म्हणून. जो डोंगर गड नाही, त्याच्याकडे मराठी लेखकाची दृष्टी क्वचितच वळली.

शिवराज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला आणि १६८० मध्ये महाराजांचे देहावसानही तेथेच झाले. आरंभ आणि अंत या दोन्ही घटना एकाच माथ्यावर घडल्यामुळे रायगडाला जे अर्थवलय प्राप्त झाले, ते अन्य कोणत्याही डोंगराला प्राप्त होणे शक्य नव्हते. १८१८ नंतर गड ओस पडला. १८९५-९६ च्या सुमारास टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ उभारली आणि १८९६ मध्ये गडावर शिवोत्सव साजरा झाला. तेव्हापासून रायगड हे गतवैभवाचे आणि त्याच्या पुनरुत्थानाच्या आकांक्षेचे प्रतीक ठरले. पुढील राष्ट्रीय कवितेत सह्याद्री आणि गड यांचा उल्लेख इतका नित्याचा झाला की प्रतीकाचे रूपांतर संकेतात झाले. प्रतीक वाचकाला थांबवते, अर्थाच्या शोधास लावते. संकेत केवळ ओळख पटवून पुढे सोडतो. प्रादेशिक अस्मितेच्या बहुतेक गीतांतील सह्याद्री असा पुढे सोडणारा आहे. तेथे दगड नाही, पाणी नाही, चढणही नाही.

वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) हे नाटक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शीर्षकात गडाला चेतना बहाल केली असली, तरी नाटकाचा गाभा कौटुंबिक आहे : पिता, पुत्र, सोयराबाई आणि वारसाहक्काचा ताण. कानेटकरांनी गडाचा विजयसूचक संकेत बाजूला ठेवून त्याला घराचे, कोंडलेल्या घराचे रूप दिले, हे त्यांचे श्रेय निःसंशय मोठे. परंतु त्यामुळे डोंगर रंगभूमीवर येतच नाही. येतो तो वाडा.

रायगडाशी निगडित साहित्यद्रव्यात डोंगर खऱ्या अर्थाने जाणवतो तो हिरकणीच्या दंतकथेत. दूध विकायला गडावर गेलेली गवळण सायंकाळी दरवाजे बंद झाल्याने अडकते आणि तान्ह्या मुलाच्या ओढीने रात्री कडा उतरून जाते. या कथेला समकालीन कागदाचा आधार शोधण्याचा खटाटोप साहित्यदृष्ट्या गौण आहे. महत्त्वाची आहे ती तिची दिशा. बखरकार, शाहीर, नाटककार या साऱ्यांची दृष्टी माथ्याकडे लागलेली असते. हिरकणीची दृष्टी पायथ्याकडे आहे. शत्रूसाठी अजिंक्य असलेला कडा एका आईसाठी घराच्या वाटेवरची अडचण होतो. गडाच्या परिसरात राबणाऱ्यांच्या बाजूने डोंगर पाहणारी ही कथा मौखिक परंपरेने सांभाळली, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही.

महाड तालुक्यातीलच शिवथरघळ हे याहून निराळे रूप. 'दासबोधा'ची रचना येथे झाली अशी परंपरा आहे. समर्थांनी या घळीचे आणि तेथील प्रपाताचे जे पद्यवर्णन केले, ते जुन्या मराठी कवितेतील स्थलवर्णनाचा दुर्मिळ नमुना होय. संतकाव्यात निसर्ग बहुधा दृष्टान्तापुरता येतो. येथे तो स्वतःच विषय आहे : कोसळणारे पाणी, त्याचा आवाज, तुषार, धुके. माथ्याऐवजी डोंगराचे पोट हे येथे अर्थाचे केंद्र बनते. परंतु ही वाट पुढील कवींनी फारशी चोखाळली नाही.

या पार्श्वभूमीवर गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत' या कादंबरीचे वेगळेपण स्पष्ट होते. पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांचे जीवन हा तिचा विषय. कर्नाळा हाही किल्लाच आहे. त्याच्या माथ्यावर शंभर फुटांहून उंच असा काळ्या कातळाचा सुळका असून त्याच्या बुडाशी टाकी खोदलेली आहेत. सुळक्यावर आग्या माश्यांची पोळी असतात. गडकोटांविषयी ज्याने आयुष्यभर उत्कटतेने लिहिले, गडांवरील भटकंतीचे वेड ज्याने दोन पिढ्यांना लावले, तो लेखक कर्नाळ्यावर कादंबरी लिहिताना तटाबुरुजांचा इतिहास बाजूला ठेवतो. येथे तो डोंगर लिंगोबाचा आहे. ढोल वाजवणारा तरुण नाग्या पुण्यवंत होऊन राणी माशीचे दर्शन घेऊ पाहतो; त्याऐवजी माश्यांच्या हल्ल्यात त्याचा एक डोळा जातो. श्रद्धेचे सूडात रूपांतर होते. चिंधीच्या साथीने तो पोळी झाडण्याचा निर्धार तडीस नेतो, पण चिंधीचा त्यात बळी जातो.

'जैत' हा जुन्या मराठीतील विजयवाचक शब्द आहे. गडाच्या साहित्यात जो शब्द सहज शोभला असता, तो दांडेकरांनी एका ठाकराच्या डोंगराशी झालेल्या झुंजीसाठी वापरला आणि शीर्षकात दोनदा उच्चारून त्यातला उपरोधही सूचित केला. मेलव्हिलच्या 'मोबी डिक'मधील (१८५१) एहॅबचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. देवमाशाने त्याचा पाय नेलेला असतो, आणि त्याचीही झुंज निसर्गातील एका अबोल शक्तीवरच्या सूडाची आहे. परंतु साम्य तेथेच संपते. एहॅब हरतो आणि मरतो. नाग्या जिंकतो आणि मागे उरतो. किंमत दुसऱ्याच कोणी दिलेली असते. त्यामुळे 'निसर्गाविरुद्ध मानव' हे समीक्षेतील ठरीव सूत्र या कादंबरीला पुरत नाही. नाग्याच्या लेखी डोंगर हा निसर्ग नव्हेच. तो देव आहे, मध देणारा आहे आणि प्रसंगी दगा देणाराही आहे. ज्याच्याशी नाते आहे, त्याच्याशीच भांडण होऊ शकते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. हा डोंगर तरी ठाकरांचा आहे काय, की दुर्गप्रेमी नागर लेखकाने त्यांच्या नावे रचलेला आहे? दांडेकरांनी ठाकरी बोलीचा संवादांत केलेला वापर त्यांच्या निकट परिचयाची साक्ष देतो. तथापि बोली अवगत होणे आणि त्या बोलीतील मौनाचे अर्थ कळणे यांत अंतर असते. सूडाने पेटलेला एकाकी नायक ही कल्पना ठाकरवाडीच्या सामूहिक जीवनापेक्षा आधुनिक कादंबरीला अधिक जवळची आहे. या आक्षेपाने कादंबरीचे मोल कमी होत नाही. तिचे वाचन अधिक सावध मात्र होते. ठाकरांच्या मौखिक गीतांतील डोंगर शेजारी ठेवूनच तिच्यातील प्रतीकाची पारख करावी लागेल.

१९७७ मधील जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपटाने हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. पडद्यावर सुळका दिसू लागला की त्याला शब्दांनी मोठे करावे लागत नाही. ना. धों. महानोरांची गीते मराठवाड्याच्या रानाशी बांधलेल्या कवीने लिहिलेली, आणि तरीही हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतातून ती या मातीचीच वाटली. एका प्रदेशाचे भूदृश्य दुसऱ्या प्रदेशाच्या शब्दकळेत कसे मुरते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

किनाऱ्याचा डोंगर मात्र अद्याप पुरता लिहिला गेलेला नाही. कोकणच्या कादंबरीची ठळक परंपरा श्री. ना. पेंडशांमुळे दक्षिणेकडे, दापोलीच्या बाजूस स्थिरावली. अलिबागजवळचा कनकेश्वर पायऱ्या चढून जाणाऱ्या भाविकाला तीर्थ आहे. समुद्रात दूर गेलेल्या कोळ्याला किनाऱ्यावरचे डोंगर जागेच्या खुणा असतात. दोन खुणा एका रेषेत आल्या की जाळे कोठे टाकायचे ते ठरते. या दृष्टीत डोंगर चढायचा नसतो, जिंकायचाही नसतो. तो स्थिर असतो आणि होडी हलते, एवढ्यावरच त्याचा अर्थ अवलंबून असतो.