घाई नसेल तेव्हाच

अगं, तुझा मेसेज वाचला. थंडी सुरू झाली तशी ऑफिसातली मंडळी तुला बार्लीवाईन चाखायला चल म्हणताहेत, तुला जावंसं वाटतंय आणि थोडी धास्तीही वाटतेय. विचारलंस हे फार बरं केलंस. अशा गोष्टी आपल्याकडे कुणी मुलींना नीट सांगत नाही. एक तर 'नको' म्हणतात, नाहीतर विषयच बदलतात. मी नीट सांगते. तू वाच, आणि मग तुझं तू ठरव.

आधी एवढं लक्षात ठेव की ही बिअरच आहे, द्राक्षाचा तिच्याशी काही संबंध नाही. बार्लीचं माल्ट, पाणी, हॉप्सची कडवट फुलं आणि यीस्ट, एवढंच तिच्यात असतं. फरक आहे तो प्रमाणाचा. पबमधल्या रोजच्या बिअरमध्ये 4 ते 5 टक्के अल्कोहोल असतं, बार्लीवाईनमध्ये साधारण 8 ते 12. आपल्याकडे बाटलीवर 'स्ट्राँग' लिहिलेलं असलं की ती गारेगार करून भराभर प्यायची आणि चढली की पैसे वसूल, असा एक समज आहे. तो समज घेऊन या बिअरकडे जाऊ नकोस. हिचा कडकपणा चढण्यासाठी केलेला नसतो. ती टिकावी, मुरावी आणि एका घोटात खूप काही सापडावं, म्हणून तो असतो.

ती बनते कशी ते कळलं की ती प्यायची कशी हेही आपोआप कळतं. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवलं की त्यातली साखर पाण्यात उतरते. हे पाणी काढून घेतात आणि त्याच माल्टवर पुन्हा पाणी घालतात. आई सोलकढीला नारळाचं दूध काढते ना, पहिलं घट्ट आणि दुसरं पातळ, अगदी तसंच. जुन्या इंग्लिश ब्रुअरीत पहिल्या घट्ट रसाची कडक बिअर करायचे आणि मागच्या पातळ रसाची रोजच्या पिण्यातली हलकी बिअर. तो पहिला रस मग बराच वेळ उकळत ठेवायचा, म्हणजे तो आणखी आटतो आणि रंगही गडद होतो. एवढ्या साखरेत यीस्टची दमछाक होते. सगळी साखर त्याला संपवता येत नाही, म्हणून बिअरमध्ये गोडवा उरतो. त्या गोडव्याला आवर घालायला हॉप्सही भरपूर लागतात. सुरुवातीला हे सगळं एकमेकांशी भांडत असतं. अल्कोहोल टोचतं, कडवटपणा वर येतो, गोडवा जड वाटतो. ते जुळून यायला महिने लागतात.

म्हणून ही मुळातच सवडीची बिअर आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या मोठमोठ्या जमीनदारांच्या वाड्यांवर ऑक्टोबरमध्ये अशी कडक बिअर घरीच करत आणि पिंपात घालून ठेवत. वारस जन्माला आला की त्याच्या नावाने पिंप भरायचं आणि तो 21 वर्षांचा झाला की उघडायचं, अशीही रीत काही घरांत होती. पुढे बर्टन-ऑन-ट्रेंटच्या बास कंपनीची 'नंबर वन' नावाची बिअर बार्लीवाईन म्हणून गाजली. 1968 मध्ये डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रुअरीने लेखक थॉमस हार्डीच्या निधनाला 40 वर्षं झाली म्हणून त्याच्या नावाची बिअर काढली. हार्डीने 'द ट्रम्पेट-मेजर' या कादंबरीत आपल्या भागातल्या कडक बिअरचं तोंडभरून कौतुक केलं आहे, म्हणून हा मान. त्या बिअरवर वर्ष छापलेलं असे आणि नीट ठेवली तर ती 25 वर्षं टिकेल असा ब्रुअरीचा शब्द होता. बिअर म्हणजे ताजी असतानाच संपवायची वस्तू असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यासाठी हे नवलच होतं.

आता तू मँचेस्टरमध्ये आहेस हे तुझं भाग्य. थेट सगळ्यात कडक बाटलीवर जाऊ नकोस, पायरीपायरीने चढ. शेजारच्या स्टॉकपोर्टमध्ये रॉबिन्सन्सची 'ओल्ड टॉम' बनते. ती 1899 पासूनची आहे आणि 8.5 टक्क्यांची. लेबलवर मांजराचा चेहरा असतो, लगेच ओळखशील. याच कुळातली गडद, माल्टची चव पुढे असलेली बिअर आहे ती, नवख्या जिभेला सांभाळून घेणारी. दुसरी पायरी म्हणून लंडनच्या फुलर्सची 'व्हिंटेज एल' घे. तीही 8.5 टक्क्यांचीच, 1997 पासून दरवर्षी नवी येते आणि बाटलीतल्या यीस्टमुळे आतल्या आत मुरत राहते. ती आवडली तर मग तुझ्याच शहरातल्या जे. डब्ल्यू. लीजची 'हार्वेस्ट एल'. 1986 पासून दर वर्षीच्या नव्या पिकाचं माल्ट आणि नवे हॉप्स घेऊन ही करतात आणि तिची ताकद 11.5 टक्के असते. खजूर, सुकं अंजीर, मनुका, जळक्या साखरेची टॉफी, हे सगळं त्यात मिळेल. जुनी बाटली मिळाली तर शेरीसारखा वासही येईल.

पबमध्ये मागताना संकोच करू नकोस. नळावर असेल तर 'थर्ड' माग, म्हणजे पाइंटचा तिसरा भाग, साधारण 190 मिली. इंग्लंडमध्ये हे कायद्याने ठरलेलं माप आहे, ते मागण्यात कमीपणा काही नाही. उलट, ज्यांना बिअरची जाण आहे ती माणसं ही बिअर अशीच मागतात. बाटली असेल तर दोघीतिघींनी मिळून एक घ्या.

ग्लास छोटा, पोट फुगीर आणि तोंड थोडं निमुळतं असलेला असावा, म्हणजे वास आत साठतो. अर्ध्याच्या वर भरू नकोस. ओतताना तळाशी गाळ दिसला तर घाबरू नकोस, ते यीस्ट आहे. शेवटचा थोडा भाग बाटलीतच राहू दे. फ्रीजमधून काढल्या काढल्या पिऊ नकोस, कारण फार गार असली की तिच्या तोंडाला टाळंच लागलेलं असतं. 10 ते 14 अंशांच्या आसपास ती बोलायला लागते. आधी नुसता वास घे. मग छोटा घोट, तो जिभेवर सगळीकडे फिरू दे. पहिल्या घोटावर मत बनवू नकोस, तो अल्कोहोलच्या चटक्यातच जातो. तिसऱ्या-चौथ्या घोटाला काय वाटतं ते खरं. एक छोटा ग्लास तासभर पुरला पाहिजे. शेजारी पाण्याचा ग्लास असायलाच हवा.

आता हिशोबाचं बोलू, हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्रिटनमध्ये 10 मिली शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. 4 टक्क्यांची पूर्ण पाइंट प्यायलीस तर सव्वादोन युनिटच्या आसपास पोटात जातात. 'हार्वेस्ट एल'चे जेमतेम 190 मिलीही तेवढेच भरतात. म्हणजे छोटा ग्लास दिसायला छोटा, पण आत पूर्ण पाइंटचा ऐवज. तिथले आरोग्य अधिकारी आठवड्याला 14 युनिटच्या वर नियमित जाऊ नका, आणि तेवढेही एका दिवसात नव्हे, तीन किंवा जास्त दिवसांत विभागून घ्या, असं सांगतात. सारखंच प्यायलं तरी बाईच्या रक्तात अल्कोहोलचं प्रमाण साधारणपणे पुरुषापेक्षा जास्त चढतं, म्हणून शेजारच्या सहकाऱ्याशी बरोबरी करायची नाही. उपाशीपोटी जाऊ नकोस. कसली औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचार. परत येताना ट्राम किंवा टॅक्सी, गाडी नाही. आणि तुझा ग्लास तुझ्या नजरेसमोर ठेव. हे मी घाबरवायला सांगत नाही. एवढं सांभाळलंस की बाकीची संध्याकाळ निर्धास्तपणे घालवता येते.

सोबत खायला काय? तिथे स्टिल्टन नावाचं निळ्या बुरशीचं चीज मिळतं. खारट, तिखटसर वासाचं. एरवी कदाचित तुला आवडणार नाही, पण बार्लीवाईनच्या गोडव्याबरोबर ते एकदा चाखच. चीजचा खारटपणा बिअरचा जडपणा कापतो आणि बिअर चीजचा उग्रपणा शमवते. ते नकोच असेल तर मुरलेलं चेडर किंवा भाजलेले अक्रोड चालतात. मात्र आपली लसणाची शेव किंवा मिसळ याबरोबर नको. कडक अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं आणि बिअरची चव हरवते. आईने पाठवलेला चिवडा चहाबरोबरच खा.

आवड लागली तर एक गोष्ट कर. 'हार्वेस्ट एल' किंवा 'व्हिंटेज एल'च्या एकाच वर्षाच्या दोन बाटल्या घे. एक आत्ता उघड आणि काय जाणवलं ते चार ओळींत लिहून ठेव. दुसरी पुढच्या हिवाळ्यापर्यंत राहू दे. उभी ठेव, म्हणजे गाळ तळाशी बसतो. अंधारात ठेव, कारण उजेडाने हॉप्सला वाईट वास येतो. हीटरपासून लांब, तुझ्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी, बाहेरच्या थंड भिंतीकडे. वर्षभराने उघडलीस की कडवटपणा मागे सरलेला आणि सुक्या मेव्याची चव पुढे आलेली आढळेल. पण जुनी ती सगळीच चांगली, असं मुळीच नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ती बिघडली आहे. किंमत कितीही असो, ओतून टाक.

अमेरिकन बाटल्याही कुणीतरी तुझ्यापुढे ठेवेल. तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने 1975 मध्ये 'ओल्ड फॉगहॉर्न' करून हा प्रकार रुजवला. मग 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच सिएरा नेवाडाची 'बिगफूट' आली, 9.6 टक्क्यांची. या घराण्यात हॉप्सचा जोर असतो. राळेचा आणि संत्र्याच्या सालीचा वास, आणि कडवटपणा चांगलाच. इंग्लिश प्रकार चाखल्याशिवाय इकडे वळू नकोस. आणि हॉप्सचा तो ताजा दरवळ हवा असेल तर या बाटल्या फार काळ ठेवू नकोस, कारण मुरताना आधी तोच ओसरतो.

राहिला आईचा प्रश्न. तू मोठी आहेस, कमावती आहेस. तिला कधी आणि किती सांगायचं ते तू ठरव, पण ती विचारेल तेव्हा खोटं बोलू नकोस. लपवून केलेल्या गोष्टीत माणूस घाई करतो, आणि घाईत प्रमाण सुटतं. जी गोष्ट तू मोकळेपणाने सांगू शकतेस, ती तू सांभाळूनही करशील, असा माझा विश्वास आहे.

टेबलावर कुणी आणखी एक घे म्हणून आग्रह केला तर 'पुरे' एवढंच म्हण. कारण द्यायची गरज नाही. वर्षभर मुरवलेली बिअर ज्याला खरंच कळते, तो दुसऱ्याला घाई करत नाही. जो घाई करतो त्याला तिच्यातलं काहीच कळलेलं नसतं, म्हणून त्याच्या मताला किंमत देऊ नकोस. आणि चार घोटांनंतरही आवडली नाही, तर ग्लास तसाच ठेव आणि लिंबूपाणी मागव. न आवडणं हाही चाखण्याचाच निकाल आहे, आणि तो द्यायचा अधिकार फक्त तुझ्या जिभेला आहे.

तुझी,
ताई