संगणकावरील विटांची रचना : एक पाठ

बालकाची बुद्धी प्रथम हातांतून जागी होते, हे तत्त्व जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले. त्यांच्या तिसऱ्या 'देणगी'त आठ लाकडी घन असत. ते जुळविले म्हणजे एक मोठा घन होई. आज घरोघरी ठाऊक असलेली लेगोची प्लास्टिकची वीट त्याच परंपरेतील होय. तिच्या सध्याच्या रूपाच्या पेटंटासाठी डेन्मार्कमध्ये १९५८ साली अर्ज झाला. परंतु ही वीट महाग आहे. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीजवळच्या मुकुंदवाडीत कामगाराच्या मुलाला ती दुकानाच्या काचेतूनच दिसावयाची. शाळेत एखादा संगणक असल्यास मात्र याच विटा हव्या तितक्या आणि विनामूल्य मिळू शकतात.

ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये 'एलड्रॉ' ही पद्धती निर्माण केली. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. तथापि जगभरच्या हौशी मंडळींनी ते कार्य पुढे चालविले आहे. तिच्यावर आधारलेली 'लिओकॅड' ही आज्ञावली मुक्त आहे. स्वतः लेगो कंपनीची अशीच एक आज्ञावली २०२२ मध्ये बंद झाली, ही गोष्ट निवड करताना ध्यानात ठेवावी.

एलड्रॉमध्ये विटेवरील दोन शेजारच्या खुंट्यांमधील अंतर २० एकके असून विटेची उंची २४ एकके आहे. इयत्ता पाचवीच्या शिक्षकांना येथे आयताच पाठ सापडतो. एक वीट उभी लावून तिची लांबी इतर विटांच्या चळतीशी जुळवावयाची असेल, तर किती विटा रचाव्या लागतील? मुले चाचपडत मोजतील. त्यांना मोजू द्यावे. पाच विटांची उंची १२० एकके आणि सहा खुंट्यांची लांबीही १२० एकके, असे त्यांना आढळेल. २० व २४ यांचा लसावि त्यानंतर फळ्यावर लिहावा, आधी नव्हे.

आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या दोन विटा एकमेकींवर २४ प्रकारे बसतात. सहा विटांचे प्रकार गणितज्ञांनी मोजले ते ९१ कोटी ५१ लक्ष ३ हजार ७६५ भरले. मुलांनी दोन विटांचेच प्रकार शोधावेत; तेवढ्यातही तास पुरत नाही.

आता मुख्य अडचण. लिओकॅडमधील विटेला वजन नाही. ती अधांतरी राहते, प्रसंगी दुसऱ्या विटेच्या पोटातही शिरते. आठ खुंट्यांच्या दोन विटा टोकाला टोक लावून ठेवाव्यात, त्यांवर नेमक्या तशाच दोन, असे आठ थर रचावेत. पडद्यावर अखंड भिंत दिसेल. प्रत्यक्षात ते दोन सुटे खांब होत. बोट लावताच विलग होतील. वरच्या थरातील वीट खालच्या सांध्यावर आली पाहिजे, हे ज्याचा बाप गवंडी आहे तो मुलगा कदाचित शिक्षकांच्याही आधी सांगेल. त्याला सांगू द्यावे. वर्गात इतर वेळी मागे बसणाऱ्या मुलाला असा मान क्वचित मिळतो.

दुरुस्ती करताना एकाआड एक थराच्या दोन्ही टोकांना अर्ध्या विटा घ्याव्या लागतात. म्हणजे १६ पूर्ण विटांऐवजी १२ पूर्ण व ८ अर्ध्या. हा हिशेब मुलांनीच करावा.

याच जिल्ह्यातील वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरीत आणले आहे. तेथे जोडणे नाही, केवळ वजा करणे आहे. सहलीहून आलेल्या वर्गाला हा भेद सहज उमगतो. मग भरीव ठोकळा रचून त्यातील विटा वरून एकेक काढून देऊळ करण्यास सांगावे. चुकून काढलेली वीट संगणकावर परत बसविता येते. वेरूळच्या कारागिरास ती सवलत नव्हती.

प्रत्येक रचनेपूर्वी रिकाम्या आगपेट्यांची तीच भिंत जमिनीवर रचून घ्यावी. सांधे न मोडता रचलेली भिंत प्रथम तेथे ढासळू द्यावी, आणि त्यानंतरच मुलांना संगणकासमोर, दोघादोघांच्या जोडीने, बसवावे.